हलणाऱ्या ब्लोअरची वीज

यंत्र चाललं नाही, असं कुणी म्हणू नये म्हणून आधीच सांगून टाकते. यंत्र चाललं होतं. मालकांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. आणि इतक्या वर्षांनी आजही ते आठवलं की आपल्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. अंबरनाथच्या एमआयडीसीत, कापडाला लागणारे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे मी, एक टेबल आणि सोल्डरिंगची बंदूक. कारखान्यात भुकटी वाळवायची एक मोठी शेड होती. तिच्या वरच्या अंगाला, पत्र्याला डोकं टेकेल इतक्या उंचीवर, लोखंडी माचा होता आणि त्यावर एक ब्लोअर, म्हणजे शेडमधली गरम हवा ओढून बाहेर फेकणारा भलाथोरला पंखा. त्याचं बेअरिंग तापतंय का, हे दिवसातून तीनदा बघावं लागे. खाली सहा बायका वाळलेली भुकटी पिशव्यांत भरत बसलेल्या असत. लाल रंगाची पाळी असली की त्यांच्या भुवयासुद्धा लाल.

बेअरिंग बघायला शिडी चढायचे ते आमचे फिटरकाका. कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस. शिडी उभी, बत्तीस पायऱ्यांची, आणि काकांचे गुडघे पार गेलेले. वर जाऊन ते बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवायचे आणि मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे. हात टिकला तर मशीन बरं. नाही टिकला तर ब्लोअर बंद. थर्मामीटर दिला होता कंपनीने, तो त्यांच्या कपाटात डब्यातच होता. पुढच्या मार्चात ते निवृत्त होणार होते.

मी नवी होते तेव्हा मला वाटलं, हे काय जंगली काम! मी वर एक छोटा सेन्सर बसवला, वायरशिवाय खाली आकडा पाठवणारा. वायर आधी टाकून बघितली होती, पण आम्लाच्या वाफेने तीन महिन्यांत तिचं कातडं तडकलं. हा नवा सेन्सर झकास चालला, सेल असेपर्यंत. त्या उकाड्यात सेल जेमतेम तीन आठवडे तग धरायचा, कधी पाझरून हिरवा व्हायचा. मग काका शिडी चढून सेल बदलायचे, आणि आकडा कधी बंद पडेल याचा भरवसा नाही म्हणून दिवसातून तीनदा हातही ठेवून यायचेच. म्हणजे तापमान बघायला चढणं वाचलं नाहीच, वर सेल बदलायला चढणं वाढलं. आगीतून फुफाट्यात.

तेव्हाच एका मासिकात वाचलं की परदेशात आता सेलच नको म्हणतात. अंगाच्या उबेवर चालणारं घड्याळ, चालताना पायाखाली वीज तयार करणारा बूट, यंत्राच्या थरथरीवर चालणारे सेन्सर. आजूबाजूला फुकट सांडलेली ऊर्जा वेचायची आणि तिच्यावर छोटी उपकरणं चालवायची. माझं डोकं फिरलं. पहिला प्रयोग घरी केला, बदलापूरला, शिरगावात. आईच्या जुन्या चपलेच्या टाचेखाली बझरमधली, दाबली की चिमूटभर वीज देणारी पितळी चकती चिकटवली, दोन वायरी काढल्या आणि जिना चढले. दुसऱ्या मजल्यापर्यंत बल्बचा दाणा तीनदा मिचमिचला आणि तिसऱ्यावर चकती फुटली. त्या दिवसांत आमच्याकडे रोज चार-पाच तास लोडशेडिंग असायचं. आई पुठ्ठ्याने वारा घेत म्हणाली, "घरात लाइटचा पत्ता नाही आणि आमची लेक चपलेतून वीज काढतेय. काढ बाई, पंखा चालेल एवढी काढ."

पंखा चालणार नव्हता. या वेचलेल्या विजेची गोष्टच अशी आहे की ती हातात घ्यायला जावं तर बोटालाच लागून संपते. पण आमचा ब्लोअर दिवसभर थरथरायचा. त्या थरथरीवर एक एवढासा सेन्सर चालायला काय हरकत होती?

चार महिने त्यात गेले. हॅक्सॉचं ब्लेड घेतलं, एक टोक घट्ट आवळलं, दुसऱ्या मोकळ्या टोकाला चुंबक लावलं, आणि चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. ब्लोअर थरथरला की ब्लेड डोलतं, चुंबक वेटोळ्यात वर-खाली होतं, तारेत वीज येते. ऐकायला किती सोपं. चुंबकासाठी मी उल्हासनगरला दोन नंबर कॅम्पात गेले. दुकानदाराने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "मॅडम, चंगा-भला स्पीकर फोडायला नेताय? गाना नहीं सुनना?" मी म्हटलं, नाही, फोडायलाच. त्याने तीन बिघडलेले स्पीकर तसेच हातात ठेवले आणि वर म्हणाला, "जल जाए तो मेरे पास मत लाना."

ब्लेडची लांबी अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाली की ते डोलायचंच बंद व्हायचं. ब्लोअर सेकंदाला चोवीस फेरे मारायचा, ब्लेडलाही तोच ठेका लागायचा. तो सापडला तर ब्लेड थकून तडकायचं. ब्लेड टिकलं तर वीज एकाच दिशेने सोडणारे डायोड मध्येच अर्धी वीज खाऊन टाकायचे. ते नीट केलं तर रंगाची भुकटी वेटोळ्यात जाऊन बसायची, म्हणून सगळं एका छोट्या डब्यात बंद केलं. मी रडले आहे त्या माच्यावर, भुकटीने लाल झालेलं नाक पुसत. खाली आले की बायका विचारायच्या, "मॅडम, पडलात का?"

शेवटी सप्टेंबरात एका सकाळी खालच्या खोलीत आकडा उमटला. सेल नाही, वायर नाही. वीज साठायला तीन मिनिटं, मग पुन्हा आकडा. मी काकांचा हात धरून त्यांना आणलं आणि पडद्यापुढे उभं केलं. "काका, आता चढायचं नाही." ते आकड्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं. गुडघे तुमाला आशीर्वाद देतील."

मालक उल्हासनगरचे, पांढऱ्या शर्टाशिवाय कधी दिसायचे नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बेटा, दिवाळीच्या आधी मी स्वतः येऊन बघणार. चालला तर कारखान्यातल्या सातही ब्लोअरवर लाव, तुझा डिपार्टमेंट मोठा करू. नाही चालला तर ये खिलौने का खेल बंद. स्टोअरमध्ये माणूस पाहिजेच आहे." स्टोअर म्हणजे दिवसभर नटबोल्ट मोजून गेटपास लिहिणं. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं ते त्याकरता नव्हे. काकांचे गुडघे वाचावेत असं मला मनापासून वाटत होतं, खोटं नाही. पण त्याच्याही आधी मला माझं टेबल वाचवायचं होतं.

मध्ये दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीच्या आधी सगळी यंत्रं बंद व्हायची. दोन दिवस धुणं-पुसणं, तेलपाणी, नवा रंग, आणि मग प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. काका हार-नारळात नसत. ते बौद्ध. दसऱ्याच्या दिवशी पांढरा शर्ट घालून ते खरवईच्या विहारात जायचे. पण त्याआधीच्या साफसफाईत त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता. पूजा करणारे हार घालून मोकळे व्हायचे आणि काका मात्र बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरत बसलेले. "हार घातल्यानं बेअरिंग थंड व्हत नाय," म्हणायचे.

सुट्टीवर जाताना मी त्यांना एकच गोष्ट बजावली. "काका, माझ्या डब्याला कुणी हात लावायचा नाही." ते हो म्हणाले.

दसऱ्यानंतर कामावर आले तर खालच्या पडद्यावर आकडा नाही. तीन मिनिटं थांबले, सहा थांबले. मग धावत शिडी चढले. वर ब्लोअर नव्या करड्या रंगात चमकत होता. माझ्या डब्याला व्यवस्थित प्लास्टिक बांधलेलं होतं, रंगाचा एक थेंबही उडू नये म्हणून. प्लास्टिक सोडलं. आत सगळं जागच्या जागी, फक्त ब्लेड ढिम्म. मी ब्लोअरवर हात ठेवला. चालू होता आणि तरी मेल्यासारखा शांत.

काका मागून वर आले होते, धापा टाकत. चेहऱ्यावर एवढा अभिमान की मला ओरडावंसं वाटलं. "कसा झाला? पंख्याच्या पात्यांवर बोटभर भुकटी साचली व्हती मॅडम, पंखा एका अंगाला जड झाला व्हता. खरवडून काढली. पायाचे चारी बोल्ट कसले. आता वर पाण्याचा गिलास ठेवा, हलनार नाय."

मी ओरडलेच. तुम्ही माझं वाटोळं केलं, मला न विचारता कशाला केलं, चार महिने पाण्यात गेले. ते गोंधळले. "डब्याला हात नाय लावला कुनी. मी सोता प्लास्टिक बांधलं."

खरंच त्यांनी हात लावला नव्हता. चूक माझी होती. डब्याला हात लावू नका एवढंच मी सांगितलं. तो डबा ब्लोअरच्या थरथरीवर जगतो, हे चार महिन्यांत एकदाही सांगितलं नव्हतं. फिटरला काय कळणार त्यातलं, असा माझा तोरा. आणि मलाही एवढं सुचलं नव्हतं की पंखा इतका थरथरतोय म्हणजे पंख्याचं काहीतरी बिघडलंय. मी ज्याला फुकटची वीज समजत होते तो पात्यांवरचा मळ होता.

तिथेच, माच्यावर उभं राहून, मी त्यांना सगळं समजावलं. दोन मिनिटं लागली. दोनच. त्यांना लगेच कळलं आणि ते हसले. "म्हंजे मशीन बिघडलं की तुमचा डबा जागा, आन मशीन बरं असलं की झोपला. मग चांगलंच हाय की! डबा बोलला की समजायचं, वर जायाला पायजे. न्हाय बोलला तर कशाला चढायचं?"

पुढे नोकरी बदलल्यावर मला उमगलं की त्या वाक्यात अख्खं उपकरण होतं. ना सेल, ना तापमान, ना हिशोबी तीन मिनिटं. यंत्र बिघडलं की त्याच्याच बिघाडाच्या जोरावर हाक मारणारा डबा. मी चार महिन्यांत जे केलं त्याहून ते शहाणपणाचं होतं. पण त्या दिवशी मी म्हटलं, "काका, साहेबांना तापमानाचा आकडा हवाय. तुम्ही राहू द्या." आणि शिडी उतरले.

नंतरचे दहा दिवस मी ब्लेड लांब केलं, आखूड केलं, वेटोळं बदललं, चुंबक वाढवलं. शांत यंत्रातून काही निघत नाही म्हणजे नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? घरी आईने विचारलं, काय झालं, जेवत का नाहीस, तर तिच्यावरही डाफरले. मालकांचा निरोप आला, शनिवारी येतो.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ब्लोअर बंद होता. काका कँटीनमध्ये होते. मी त्यांच्या पेटीतून चोवीस नंबरचा पाना घेतला, एक पाइपाचा तुकडा घेतला आणि वर गेले. बोल्ट त्यांनी आवळलेले, माझ्या हाताने हलतात कसले! पान्याला पाइप लावून त्यावर पाय देऊन उभी राहिले तेव्हा पहिला कुरकुरला. पाना दोनदा सटकला, नटाचे कोपरे झिजले, नव्या रंगाचे टवके उडाले. चारांतले दोन बोल्ट अर्धा-अर्धा फेरा ढिले केले. मनात म्हणत होते, फक्त उद्यापुरतं. रविवारी मीच येऊन आवळीन. सुट्टी संपली, ब्लोअर सुरू झाला, आणि खाली पडद्यावर आकडा आला. तेव्हा मला आनंद झाला, हेही कबूल करते.

शनिवारी मालक आले, आकडा बघितला, तीन मिनिटांनी दुसरा बघितला. माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबाश बेटा! सातही ब्लोअर तुझे." मग ते शेडमधून निघाले आणि मधोमध थांबले. वरून पत्रा खडखडत होता. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर लाल भुकटी भुरभुरत पडत होती. त्यांनी वर पाहिलं, आणि मग काकांना हाक मारली. पिशव्या भरणाऱ्या सहाही बायकांचे हात थांबले.

"ये क्या है? दसरे में क्या किया तुमने? सिर्फ रंग लगाया? बोल्ट तक नहीं कसा? रिटायरमेंट आली म्हणून काय कामच सोडलं?"

काकांनी वर ब्लोअरकडे पाहिलं, मग एकदा माझ्याकडे. तेवढ्यात त्यांना कळलं असावं. मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं की नोकरी गेली, असं वाटलं आणि मी पायाखालच्या लादीकडे बघत राहिले. "कसतो साहेब," काका म्हणाले.

ब्लोअर बंद करून ते चढले. मी मागोमाग गेले. त्यांनी झिजलेल्या नटावरून अंगठा फिरवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "खाली सहा बाया बसत्यात, मॅडम. आनखी चार दिवस असा हलला असता तर बोल्ट तुटून खाली गेला असता."

मला खरंच हे सुचलं नव्हतं. सुचलं नव्हतं ही काही सबब नाही. त्यांनी दुसरा पाना माझ्या हातात दिला, म्हणाले, "धरा घट्ट," आणि दोन्ही बोल्ट आवळले. शेवटचा झटका देऊन ते म्हणाले, "डब्याला काय करायचं ते करा. माझ्या मशीनला करू नका."

मी साहेबांना सांगते, असं मी म्हटलं. सोमवारी सांगायचं ठरवलं. सोमवारी मालक बाहेरगावी. मग दिवाळी. मग सात ब्लोअरची मंजुरी आली, माझ्या हाताखाली दोन माणसं आली, आणि दर दिवशी सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं. काकांचाही मला राग यायचा. हा माणूस का नाही बोलला? एक वाक्य बोलला असता तर सुटले असते मी. किती निर्लज्जपणा! ज्याच्यावर आळ आला त्यानेच आपल्याला सोडवावं.

डब्यात मी गुपचूप सेल घातला. सातही डब्यांत. वरून लिहिलेलं, कंपनावर चालणारा. तीन आठवड्यांनी सेल बदलायला मी कुणी नसताना चढले, तर आत नवाकोरा सेल. काका येऊन गेले होते. मार्चपर्यंत ते तसेच चढत राहिले. एका शब्दाने मला काही म्हणाले नाहीत, आणि मीही त्यांना नको म्हटलं नाही.

त्यांच्या निरोपाच्या दिवशी कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. काकी खरवईहून आल्या होत्या, नवी साडी नेसून. कुणीतरी त्यांना माझ्या शेजारी बसवलं. मालकांनी शाल घातली आणि भाषण केलं. मनापासून केलं, त्यांच्या डोळ्यांत पाणीही होतं. "तीस वर्षांत या माणसाने एकच चूक केली. वो दसरे वाला ब्लोअर! पण तीस वर्षांत एक, तेवढी माफ." सगळे हसले, काका हसले, माझ्या शेजारी काकीही हसल्या. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर काकी माझ्याकडे वाकल्या आणि हळूच विचारलं, "काय चूक केली व्हती हो यांनी? घरी तर कधी बोलले नाय."

"काही नाही हो काकी," मी म्हणाले, "एक बोल्ट ढिला राहिला होता त्यांच्याकडून."

"असं व्हय," त्या म्हणाल्या. मग पदर सारखा करून समोर, शाल पांघरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघत राहिल्या, आणि मघासारख्या हसल्या नाहीत.